बिनकामाची फुलं

फौजेतून कायमचे घरी आले त्या दिवशी यांनी आपली काळी ट्रंक मधल्या खोलीच्या दाराशी ठेवली, आणि ती तिथंच राहिली. मी म्हटलं, माळ्यावर टाकू. तर म्हणाले, "असू दे. कवा लागंल सांगता येत न्हाई." पेन्शनवर आलेल्या माणसाला ट्रंक कशाला लागणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. रोज तिला ठेचकाळणाऱ्या माझ्या करंगळीनं मात्र खूप काही विचारलं.

आमचा सगळा संसार त्या ट्रंकेच्या येण्याजाण्यावर झाला. रजा संपली की हे पहिल्या एसटीनं निघायचे. पोरगं रडू नये म्हणून कुणाला उठवायचे नाहीत, मलासुद्धा नाही. मी उठायचे तेव्हा दाराशी ट्रंकेची चौकोनी जागा तेवढी मोकळी दिसायची. तिथला केर काढायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि चूल पेटवायची. पुढची रजा येईपर्यंत घर माझं. माझ्या कपाटात यांच्यासाठी कप्पा असा कधी नव्हताच. यांचे कपडे ट्रंकेतून दोरीवर यायचे आणि दोरीवरून ट्रंकेत जायचे.

आता मात्र रजा संपत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं.

पहाटे चारला हे उठायचे. कुंडलच्या रस्त्यानं दोन-तीन मैल चालून यायचे आणि आल्यावर घरातल्या सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावायचे. गोधड्यांच्या अशा घड्या घालायचे की उलगडायची भीती वाटावी. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं उभे केले आणि मला दोन दिवस हळद सापडली नाही. सकाळी मी गावच्या वाचनालयात कामाला असते, तिथून दुपारी घरी यायलाच नको वाटायचं. आज काय सरळ केलं असेल कोण जाणे!

शेतात जावं तर शेत दिराच्या हातात. सगळा ऊस, पाण्याच्या पाळ्या त्याच्या, मजूर त्याचे. हे बांधावर जाऊन उभे राहिले की तो बिचारा मनापासून म्हणायचा, "दादा, तुमी कशाला आलासा? लय केलंसा देशासाठी. बसा आता निवांत." हे तसेच मागे फिरायचे. निवांत बसणं हे यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पायरीवर बसून घेवडा सोलता सोलता त्या आपल्या लेकाला न्याहाळायच्या आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायच्या.

अशा या न्हाव्याला एक दिवस माझे वेल दिसले.

आमच्या घराला अंगण म्हणावं असं अंगण नाही. मागच्या भिंतीला ऊस टेकलेला. पुढं रस्ता आणि घर यांच्यामध्ये बाजेएवढी रुंद पट्टी. त्या पट्टीत मी दरवर्षी दुधी भोपळा, दोडका आणि कारली लावते. बी माझ्या माहेरचं. माहेर माणदेशातलं, म्हसवडच्या अलीकडं. तिथं पाणी इतकं कमी की भांडी धुतलेल्या पाण्यावर वेल जगवायचा आणि तापल्या जमिनीवर पोळू नये म्हणून त्याला छपरावर धाडायचा. तीच माझी रीत. मोडकी बाज उभी करायची, न्हाणीच्या पत्र्यावर दोन फांद्या टाकायच्या, आणि वेलाला म्हणायचं, जा बाबा कुठं जायचंय तिकडं. तो जायचा. एका वर्षी विजेच्या खांबावर गेला होता.

"ही काय शिस्त हाय?" यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

भर वैशाखात हे कामाला लागले. चुलतभावानं द्राक्षबाग काढली होती, तिचे लोखंडी अँगल आणि तारा पडून होत्या. त्या आणल्या. मोबाइलवर उभ्या मांडवाचे व्हिडिओ बघितले. भिंतीला समांतर माणसाच्या दीडपट उंचीचे दोन मांडव ताठ उभे केले, वरून खाली सुतळ्या सोडल्या, एका वेलाला एक सुतळी. एवढ्यावर थांबतील तर ते फौजी कसले. अँगलच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना. वाफ्याकडेच्या दगडांनाही गेरू आणि चुना. फौजेत म्हणे एक नियमच असतो, हलतं त्याला सलाम करायचा आणि हलत नाही त्याला चुना लावायचा. आत्याबाई पायरीवरून उठून आत जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी काय लय हलत न्हाई."

मृगात मी बिया टोकल्या. उगवण झाली आणि यांची परेड सुरू झाली. प्रत्येक वेल आपल्या सुतळीवर. बाजूचा फुटवा दिसला की काढला. वेलाचे कुरळे तणावे शेजारच्या सुतळीला धरायला गेले की हे हलक्या हातानं ते सोडवायचे आणि म्हणायचे, "तिकडं न्हाई. लाईनीत." खोटं कशाला बोलू, मांडव दिसायला देखणा झाला. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, काय झ्याक केलाय हो तुमी!" मी केला नव्हता. मी केला होता तेव्हा कुणी थांबलं नव्हतं. माझा तिळपापड व्हायचा.

पण एक होतं. मांडव उभा राहिल्यापासून हे चपला लावायचे बंद झाले. मला हळद सापडायला लागली.

आषाढ निम्मा झाला आणि वेल फुलावर आले. दुध्याची फुलं दिवेलागणीला उमलतात, पांढरी. एका संध्याकाळी हे मांडवाशी वाकून वाकून बघत होते. मग हाक मारली.

"हे बघ. ह्या फुलामागं बारका भोपळा हाय. आन् ह्या सगळ्यांमागं नुसता देठ. असं कसं?"

मी काही म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "ती वांझी फुलं रं. त्यास्नी काय लागत न्हाई."

"मग त्यांचं काम काय?"

"काय न्हाई. नुसती फुलत्यात."

"म्हंजे फुकट रेशन खात्यात," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चहा झाला की हे कात्री घेऊन मांडवाशी जायचे आणि मागं भोपळा नसलेली एकूण एक कळी उतरवायचे. मी म्हटलं, "असू द्या की. आमच्याकडं कुणी खुडत न्हाई." तर म्हणाले, "तुमच्याकडं पाणी बी न्हाई." माहेर काढल्यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. दोन दिवस बोलले नाही, आणि मांडवाकडं बघायचंही नाही असं ठरवलं. करा म्हटलं काय करायचं ते.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. यांच्या पलटणीतला एक जण तिकडं मोठ्या सोसायटीत सुरक्षेचं काम बघतो. हे फोनवर मैदानापलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात, त्यामुळं मला चोरून ऐकावं लागलं नाही. सुपरवायझरची जागा होती. राहायला खोली, आणि वर्दी. "वर्दी" म्हणताना यांची पाठ ताठ झालेली मला मागूनसुद्धा दिसली.

"गणपती झालं की येतो गड्या," हे म्हणाले. "हितं बसून गंज चढला बघ. भाऊ शेत बघतोय, घर हिच्या हातात. माझं हितं काय काम?"

मी चुलीपुढं होते. हातातली पळी हातातच राहिली. हे घरात असले की माझं डोकं फिरायचं, आणि जाणार म्हटल्यावर चुलीवरची आमटी करपली तरी मला कळलं नाही. किती वर्षं मी एकटीनं ढकललं होतं! पोराचं आजारपण, सासऱ्यांचं जाणं, दारात पुराचं पाणी. तेव्हा कधी कुणाला अडवलं नाही, कारण अडवून उपयोग नव्हता. आता उपयोग होता आणि मला तोंड उघडता येईना. अडवायची सवयच नव्हती. त्या संध्याकाळी यांनी बुटांना पॉलिश केलं. ट्रंकेला कुलूप लागलं. मी येता जाता त्या कुलपाकडं बघायचे. रात्री पाणी प्यायला उठले तरी आधी दाराकडं नजर जायची.

मांडवाचंही काही बरं चाललं नव्हतं. फुलामागचे बोटाएवढे भोपळे पिवळे पडायचे आणि गळायचे. रोज सकाळी खाली चार-पाच पडलेले. यांनी ताक फवारलं, शेण कालवून घातलं, मोबाइलवर आणखी व्हिडिओ बघितले. भोपळा काही धरेना. जितका धरेना तितकी यांची कात्री जास्त चालायची. उरलेल्या फुलांना जास्त ताकद मिळावी म्हणून.

मग नागपंचमी आली. आमच्याकडं त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. आत्याबाई या बाबतीत फार कडक. आदल्या रात्रीच विळी, सुऱ्या आणि यांची कात्री त्यांच्या उशाखाली गेली. जेवायला पुरणाची उकडलेली दिंडं. दीर आणि जाऊ शिराळ्याला पाहुण्यांकडं गेलेले. पोरगं नोकरीनिमित्त बाहेरगावी, घरात आम्ही तिघंच.

चहाची वेळ झाली आणि यांचे हात शिवशिवायला लागले. एकदा पुढं, एकदा मागं. "नखानं खुडलं तर चालंल का?" असंही विचारून झालं.

"हात तर लाव!" आत्याबाई म्हणाल्या.

मग हे मांडवापुढं खुर्ची टाकून बसले. दुसरं करणार काय? ऊन उतरलं आणि न खुडलेली सगळी फुलं एकदम उमलली. सगळा मांडव पांढरा झाला. कुठून कुठून पतंग आले आणि एका फुलातून दुसऱ्या फुलात शिरायला लागले. हे हातावर हात ठेवून बघत बसले. इतका वेळ एका जागी बसलेलं मी यांना लग्नाच्या पाटावर सोडून कधी बघितलं नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहून यांच्याकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी मात्र कात्री उशाखालून बाहेर आली.

आठवड्याभरानं यांनी मला हाक मारली तेव्हा आवाज वेगळा होता. मांडवाच्या मधोमध एक भोपळा लोंबत होता, चांगला वीतभर. कोवळा, हिरवा, लव असलेला. बाकी सगळे गळले होते.

"ह्यो एकच कसा ऱ्हायला?" हे म्हणाले. "मी बसलो हुतो त्या दिवशी माझ्या नाकासमोर उमललं हुतं ह्ये फूल. पंचमीच्या दिवशी."

पंचमीच्या दिवशी. माझ्या डोक्यात लख्ख झालं. मला माझी आई दिसली. दिवा लावून झाला की ती छपराला टेकलेल्या वेलाशी जायची, एक फूल तोडायची आणि दुसऱ्या फुलाच्या पोटाला हळूच टेकवायची. मी लहान होते, मला वाटायचं ती हळदीकुंकवासारखी काहीतरी पूजा आहे. ती कधी समजावून सांगत बसली नाही आणि मीही विचारलं नाही.

"त्या दिवशी कात्री आत्याबाईंच्या उशाखाली हुती," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय मग? तुमी रोज खुडत हुता ती फुलं त्या दिवशी मांडवावर हुती. त्यांची भुकटी ह्यास्नी लागल्याबिगर भोपळा धरत न्हाई. माझी आई लावायची, माझ्या आत्ता ध्येनात आलं!"

यांनी खाली पडलेला एक पिवळा भोपळा उचलला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पर त्यास्नी तर काय लागत न्हाई."

"नसंल लागत."

"म्हंजे नुसती हुबी हुती, तरी कामाची हुती?"

"व्हय," मी म्हटलं. आणि मग माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "आन् कामाचं, बिनकामाचं तुमाला कुणी इचारलंय? सारखं आपलं काम काय, काम काय! मला कामाचं माणूस नको. काम मी करतीया की! मला घरात माणूस पायजे. जायाचं तर जावा पुण्याला. पर माझं काय काम हितं, असं म्हणून जाऊ नका!"

आत्याबाई पायरीवर होत्या. त्यांनी घेवड्याची परडी उचलली आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. त्या बोलल्या नाहीत असं माझ्या आठवणीत ते एकदाच घडलं.

यांनी मांडवाकडं बघितलं. त्या संध्याकाळी मागं भोपळा असलेली चार फुलं उमलायला आली होती, आणि दुसरं फूल एकही शिल्लक नव्हतं, कारण दुपारीच परेड झाली होती. यांनी चप्पल घातली आणि बाहेर पडले. मला वाटलं, गेले रागावून.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी नळावर कळलं. आमचे सुभेदार साहेब दिवेलागणीला गल्लीत दारोदार फिरत होते. वरच्या आळीला एका म्हातारीच्या उकिरड्यावर दुध्याचा वेल पसरलेला आहे, कुणी न लावलेला. तिच्यापुढं हे रुमाल पसरून उभे.

"मावशी, दोन-चार फुलं देता का?"

"पुजंला का?"

"न्हाई. भोपळ्याला."

म्हातारीनं म्हणे आधी यांच्या तोंडाचा वास घेतला आणि मग फुलं दिली. रुमालात ती फुलं घेऊन हे आले, मला बॅटरी धरायला लावली आणि एकेक फूल त्या चार फुलांना टेकवलं. बंदूक धरलेली जाड बोटं, इतकी हळू. मी बॅटरी भलतीकडं धरली तर नेहमीसारखे ओरडलेसुद्धा नाहीत.

चारातले तीन धरले. कात्री त्यानंतर पायरीखाली पडून राहिली. वेलानं महिन्याभराचा सूड उगवावा तसा मांडव भोपळ्यांनी लगडला. तणावे हवे तिकडं गेले, दोडका कारल्याच्या सुतळीवर चढला, आणि यांनी "लाईनीत" म्हटलं नाही. गणपतीच्या नैवेद्याला दुध्याचा हलवा झाला, गल्लीभर भोपळे वाटले. त्या म्हातारीला पहिला.

पण ट्रंक दाराशीच होती आणि कुलूपही तसंच होतं. पुण्याचा विषय हे काढेनात, मीही काढला नाही. माझं बोलून झालं होतं. एकदा बोलले ते पुष्कळ, पदर पसरायचा माझा स्वभाव नाही. मात्र गणपती जवळ आले तशी माझी झोप उडाली. आरतीला टाळ्या वाजवताना डोळे दाराकडं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, नाहीतर एकदाही नाही. आत्याबाई पुढ्यात आलं ते जेवायच्या.

विसर्जन झालं. त्या रात्री मी ठरवलं होतं की झोपायचंच नाही, पण दिवसभराच्या दगदगीनं पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा खोलीत उजेड झाला नव्हता. शेजारी गोधडीची चौकोनी घडी. मी उठले आणि दाराशी आले.

ट्रंक नव्हती.

तीच चौकोनी जागा. फरशीवर धूळ न बसलेला तेवढा तुकडा. मी त्या जागेवरच बसले. रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं पोरासाठी न उठवता गेलास, ठीक. आता कोण रडणार होतं तुझ्यासाठी? मग मला कळलं की मीच रडतेय. केर काढावा म्हणून केरसुणीकडं हात गेला, आणि तो काही केरसुणी धरेना.

तेवढ्यात बाहेर ठण्ण करून आवाज झाला. मग पुन्हा ठण्ण.

मी सोप्यात आले. दिवाणावर यांच्या कपड्यांचा हा एवढा ढीग होता. स्वेटर, बूट, कांबळं, पदकांचा डबा, सगळं माझ्या इस्त्रीच्या साड्यांवर ओतलेलं. दार सताड उघडं. बाहेर मांडवाच्या शेवटाला हे ट्रंक पालथी घालून तिच्या बुडाला मोठ्या खिळ्यानं भोकं पाडत होते.

"आवं, ह्ये काय करताय?"

"खाली पाण्याला वाट नको का?" हे मान वर न करता म्हणाले. "ह्या कोपऱ्यात फरशी हाय, माती न्हाई. म्हटलं हिच्यातच भरावी."

आत्याबाई कांबळं पांघरून पायरीवर आल्या होत्या. "काय लावतुयास रं तिच्यात?"

"तोंडली. वरच्या आळीच्या मावशीकडनं वेलाचं फाटं आणल्यात. एकदा लावली की चार-पाच वरसं बघायला नको."

"आवं, पर मातीनं भरल्यावर चार माणसांनी बी हालायची न्हाई ती," मी म्हटलं.

"न्हाई हालायची," हे म्हणाले, आणि खिळ्यावर हातोडा घातला.

ट्रंक सुलटी करून भिंतीशी ठेवली. तिच्यावर रंगवलेला फौजेतला नंबर आणि नाव रस्त्याच्या बाजूला येईल अशी, ते तर आलंच. मग गेरूचा डबा शोधायला लागले. मी आत गेले, नाहीतर मलाच गेरू फासला असता.

दिवाणावरचा तो ढीग बघून मी तोंडानं खूप बडबड केली. आत्याबाईंना ऐकू जावी म्हणून मोठ्यानं केली. मग कपाट उघडलं, साड्या वरच्या फळीवर कोंबल्या आणि मधला कप्पा यांच्या कपड्यांसाठी रिकामा केला.